येऊन राहिला

चंद्रभान कापसानं लादलेल्या गाडीवर चढला, दोन्ही हात वर केले आणि अमरावतीच्या भर बाजारात ओरडला, "येऊन राहिला! आइका रे, येऊन राहिला तो!"

खाली उभ्या असलेल्या भगवंत मास्तरांनी डोळे मिटून घेतले. किती वेळा सांगितलं होतं या माणसाला! आधी प्रभूचं नाव घ्यावं, मग काय ते सांगावं. नुसतं 'तो' म्हटलं तर लोकांना काय कळणार, जमादार येतोय की अडत्या? पण चंद्रभान एकदा उंचावर चढला की त्याला आवरणार कोण. मागच्या बाजाराला त्यानं एका दलालाच्या माणसाच्या मुस्कटात भडकावली होती. का, तर तो प्रभूला 'गोऱ्यांचा देव' म्हणाला. वैऱ्यावर प्रीती करावी, असं सांगता सांगताच भडकावली होती.

बाजार तुडुंब होता. अमेरिकेत कुठंतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं नशीब फळफळलं होतं. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या दिसू लागल्या होत्या. अशा दिवसांत देव येतो म्हणा नाहीतर जातो म्हणा, मान वर करून बघायला सवड कोणाला? एक म्हातारी मात्र गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं चंद्रभानचा पाय घट्ट धरला.

"कोन येऊन राहिला? माहा नत्थू?"

ही माणिकबाई. बाजारामागच्या गल्लीत एकटी राहायची आणि हातचरकीवर लोकांच्या कापसातली सरकी काढून द्यायची. नत्थू तिचा एकुलता एक. आगगाडी तेव्हा भुसावळपर्यंतच आली होती, तिथवर कापूस बैलगाडीनंच न्यावा लागायचा. नत्थू दिवाळीआधी गाडी घेऊन गेला तो शिमगा जवळ आला तरी परतला नव्हता. प्रत्येक गाडीवानाला ती विचारायची. गाडीवान मान हलवायचे आणि बैल सोडायला लागायचे. अलीकडे तिनं चूल पेटवणंच सोडलं होतं. शेजारची दुर्गाबाई भाकर आणून द्यायची, ती बहुतेक कुत्र्याच्या पोटात जायची.

चंद्रभाननं खाली बघितलं. म्हातारीचं तोंड त्याच्याकडे वर झालेलं होतं आणि त्या तोंडावर जे होतं ते कुठल्याही माणसाला सोसवलं नसतं. त्याच्या तोंडून निघून गेलं.

"हो माय. येऊन राहिला."

तिनं त्याचा पाय सोडला. दोन्ही हातांनी त्याच्या तळव्याची धूळ कपाळाला लावली आणि पदर खोचून लगबगीनं गल्लीकडे निघाली. चंद्रभान गाडीवर तसाच उभा राहिला. पुढचा उपदेश त्याला आठवेना.

"उतर खाली," भगवंत मास्तर म्हणाले.

परतताना मास्तर पुढं आणि चंद्रभान मागं, असे ते चालले होते. मग मास्तरांना राहवेना.

"तिचा मुलगा येतोय हे तुला कोणी सांगितलं?"

"कोनी नाही."

"मग?"

"मी कुठं नत्थूचं सांगत होतो? मी प्रभूचं सांगत होतो. तिनं नत्थूचं आइकलं."

"आणि वर तू 'हो' म्हणालास."

"तिचं तोंड पाह्यलं न तुमी? कसं नाही म्हनू?"

"म्हणून तुला सांगत होतो, 'येऊन राहिला' म्हणू नकोस. 'प्रभू येत आहे' म्हण. 'येऊन राहिला' याचा अर्थ आला आणि मुक्कामाला राहिला, असा होतो."

"तुमच्या नगरकडं होत असन. आमच्याकडं येऊन राहिला म्हनजे रस्त्यात हाये, आता पोचतेच." चंद्रभान हातातलं पागोटं झटकत म्हणाला. "अन तुमचं येत आहे, येत आहे... लय दिवसांचं आइकून राहिलो बाप्पा. कुठं पोचते थे?"

मास्तर रागावले असते, पण मनातून त्यांना हसू आलं आणि त्या हसण्याचाच त्यांना राग आला.

भगवंत मास्तर नगरकडचे. मिशनच्या शाळेत शिकले, तिथंच ख्रिस्ती झाले, तिथंच लग्न झालं आणि तिथंच बायको तापानं गेली. मग पाद्रीसाहेबांनी अमरावतीला नवीन ठाणं काढलं तेव्हा त्यांना इकडं पाठवलं. माणूस निर्मळ. कधी खोटं बोलले नाहीत, कोणाचं बुडवलं नाही, आवाज चढवला नाही. पण विहिरीवर गेले की बायका घागरी घेऊन बाजूला सरायच्या आणि ते पाणी भरून वळेपर्यंत कोणी दोराला हात लावायचं नाही. शाळा सुटली की मुलं पळायची. मास्तर शाळेमागच्या खोलीत स्वतःच भात शिजवायचे आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचे. कधी कधी जेवताना मोठ्यानं एखादा शब्द उच्चारून बघायचे, आवाज शाबूत आहे ना म्हणून.

चंद्रभानचं सगळं उलटं. तो पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर आला तोच भांडायला. साहेबांच्या तट्टानं त्याच्या बैलाला लाथ मारली होती. तेव्हा ओसरीवर प्रार्थना चालली होती, म्हणून भांडण थोपवून बसला, ऐकता ऐकता ढसाढसा रडला आणि 'मले आत्ताच पान्यात बुडवा' म्हणून हटून बसला. साहेबांनी त्याला महिनोन्‌महिने थांबवलं, तेव्हा कुठं बाप्तिस्मा दिला. बायको त्याच दिवशी माहेरी निघून गेली, भावांनी बैल काढून घेतले. दारू सुटली, शिव्या सुटल्या नाहीत. बंगल्याच्या गाडीखान्यात एका घोंगडीवर तो निजायचा. या माणसाला बाजारात उपदेशाला का पाठवता, असं मास्तरांनी एकदा साहेबांना विचारलं होतं. साहेबांनी पुण्याच्या शास्त्र्याकडून शिकलेल्या मराठीत उत्तर दिलं होतं, "कोंबडा आरवण्यापूर्वी प्रभूस तीन वेळा नाकारणाऱ्या शिष्यासच त्याने आपली मेंढरे सोपविली, मास्तर."

मास्तरांना ते पाठ होतं. पटत नव्हतं, इतकंच.

खोटं बाहेर पडायला वेळ लागला नाही. माणिकबाई स्वतःच बंगल्यावर आली. धुतलेलं लुगडं नेसली होती, ओच्यात बोरं आणली होती. ओसरीच्या खाली उभी राहून तिनं साहेबांना हात जोडले.

"तुमच्या मानसानं माह्या पोराची खबर आनली. तुमचा देव भला करो तुमचं."

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी जमिनीकडे. ती गेल्यावर चंद्रभानला बोलावलं गेलं. साहेब त्याच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"प्रभूच्या नावाने उभे राहून तू त्या विधवेशी असत्य बोललास. सत्य काय आहे ते तुला ठाऊक तरी आहे काय?"

"नाही साहेब."

"तर शोधून आण. आणि जे असेल ते तिला स्वमुखाने सांग. तोवर तुला उपदेश नाही आणि प्रभुभोजनाची भाकर व प्यालाही नाही."

चंद्रभाननं घोंगडी खांद्यावर टाकली आणि त्याच पावली अकोल्याच्या रस्त्याला लागला. भाकर बांधून घे, असं म्हणायला मास्तर दारात आले, तोवर तो नजरेआड झाला होता.

तो परतला तो शनिवारी दुपारी. शाळा सुटली होती. मास्तर फळा पुसत होते. चंद्रभान दारात उकिडवा बसला आणि बराच वेळ पायाला लागलेली धूळ बोटानं उकरत राहिला.

"अकोल्याच्या पुढं, बाळापूरच्या नदीकाठी गाड्यांचा तळ होता," तो शेवटी म्हणाला. "हैजा लागला तळाले. अर्धी मानसं ओकून-हगून पडली. नत्थूले त्याच्या संगच्या गाडीवाल्यानं अग्नी देल्ला. जागा पाह्यली म्या. आता तिथं बैल चरून राहिले."

मास्तरांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तिला सांगितलंस?"

"आता जातो."

मास्तरही त्याच्या मागून गेले. दुःखाची वेळ होती, सोबत असावं, असं ते स्वतःला म्हणाले. खरं तर त्याचा भरवसा नव्हता त्यांना. गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखाली ते थांबले. माणिकबाईनं अंगण सारवलं होतं. चंद्रभानला बघून ती आत गेली आणि भाकर आणि चटणी पानावर घेऊन आली. बाटलेला माणूस, म्हणून पान ओट्यावर ठेवलं आणि पाणी वरून ओतलं. त्यानं एक तुकडा मोडला. तोंडात घातला. तो तसाच गालात धरून बसला.

"काय खबर?" तिनं विचारलं.

"रस्त्यानं लय गाड्या हायेत माय," चंद्रभान म्हणाला. "खोळंबा हाये. येऊन राहिला."

लिंबाखाली भगवंत मास्तरांनी दात आवळले. पुढं होऊन सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं. पण मनात आलं आणि तिथंच राहिलं. मास्तरांच्या मनात आलेल्या बहुतेक गोष्टींचं असंच व्हायचं.

त्यानंतर चंद्रभान रोज तिच्याकडे जाऊ लागला. रोज सांगायला म्हणून जायचा आणि न सांगता यायचा. पण मोकळ्या हातानं परत यायचं कसं, म्हणून काहीतरी करून यायचा. आधी तिचं छप्पर शाकारलं, मग पाणी भरायला लागला, मग चरकी फिरवायला. चरकीचा दांडा एकानं फिरवावा आणि दुसऱ्यानं कापूस लावावा, असं काम. ती आजवर दोन्ही एकटीच करत आली होती. आता ती कापूस लावायची आणि दिवसभर बोलायची. मास्तर कधी त्या गल्लीवरून गेले, म्हणजे मुद्दाम वाकडी वाट करूनच गेले, की त्यांना आतून आवाज ऐकू यायचा.

"अबे हळू फिरव न! बैल हाकलून राहिला का तू?"

"तुहा हातच चालत नाही बुढे, माह्यावर कावून चिडतं?"

आणि मग दोघांचं हसणं. मास्तर पाय उचलून पुढं निघायचे. खोलीत आल्यावर भात शिजवायचा कंटाळा यायचा. त्यांना राग यायचा, आणि राग नेमका कशाचा, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आयुष्यभर एक चूक केली नव्हती त्यांनी. आणि आयुष्यभरात त्यांच्यामुळं कोणाच्या घरी चूल पेटली नव्हती. या दारुड्यानं, या तोंडाळ गाडीवानानं एक शुद्ध खोटं बोलून एका घरात धूर काढला होता. देवा, हा कसला न्याय, असं ते प्रार्थनेत एकदा म्हणालेसुद्धा. मग लगेच क्षमा मागितली.

"अजून किती दिवस?" त्यांनी एकदा चंद्रभानला अडवून विचारलं.

"उद्या सांगतो मास्तर. देवाशप्पत."

"शपथ घेऊ नकोस."

"बरं, बिनशपथीचं सांगतो." आणि मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मले बी समजते न हो. तोंडावर येते. मंग बुढी मले म्हनते, जेवला का रे? तवा कसं सांगू? कोन इचारते मले, जेवला का म्हनून?"

मास्तर बाजूला झाले आणि त्याला जाऊ दिलं.

प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला. साहेबांनी मास्तरांना बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. चंद्रभानवर त्यांचा जीव होता, हे मास्तरांना माहीत होतं.

"त्याच्याने हे होणार नाही," साहेब म्हणाले. "आपण जाऊन त्या बाईस सत्य कळवा. असत्याच्या पायावर मी ख्रिस्ताची मंडळी उभी करू शकत नाही. आपणांवर माझा भरवसा आहे."

भरवसा होताच. मास्तरांनी शनिवारी दुपारी अंगरखा बदलला आणि निघाले. चंद्रभान तेव्हा बंगल्याच्या कामाला बडनेऱ्याला गेलेला होता. कसं सांगायचं, ते त्यांनी वाटेत नीट जुळवलं. आधी परमेश्वराची इच्छा, मग हैजा, मग अग्नी दिल्याचं. शब्द मृदू होते आणि व्याकरणात कुठं चूक नव्हती.

माणिकबाई ओट्यावर बसून सरकी निवडत होती. मास्तरांना बघून तिनं पदर सावरला.

"या मास्तर. बसा. तो बडनेऱ्याले गेला."

"मी तुमच्याकडेच आलो आहे, बाई. मला तुम्हाला काही सांगायचं आहे."

तिनं सूप खाली ठेवलं. त्यांच्याकडे नीट बघितलं.

"नका सांगू," ती म्हणाली.

"सांगायला हवं. नत्थूबद्दल..."

"मले मालूम हाये."

मास्तरांनी जुळवलेले शब्द तोंडातच राहिले.

"तो अकोल्याकून आला न, त्याच दिवशी समजलं," माणिकबाई म्हणाली. "अथीच, या ओट्यावर बसला होता. भाकर देल्ली म्या, तर घास गालात धरून बसला. गिळताच येईना त्याले. भुकेला मानूस घास गिळत नाही, तवा खबर काय असन, मायले का सांगा लागते? मंग बाळापूरकडच्या गाडीवाल्याले धरून इचारलं. त्यानं सांगतलं समदं." तिचा हात लागून सुपातली सरकी खाली सांडली. "रडून घेतलं म्या. दार लावून रडली. एकलीच."

खाली सांडलेली सरकी ती एकेक करून उचलू लागली.  मास्तरही वाकले आणि सरकी उचलायला लागले.

"मग त्याला का नाही सांगितलंत, तुम्हाला कळलंय म्हणून?"

"कावून सांगू?" ती एकदम उसळली. "तो रोज खोटं बोलाले येते माह्याकडं. खोटं बोलते, अन पानी भरते. खोटं बोलते, अन चरकी फिरवते. ज्या दिवशी त्याले समजन की बुढीले मालूम हाये, त्या दिवशी लाजंनं मरन तो. तोंड नाही दाखवनार मले. डोस्कं फिरलं की कुठं निघून जाईन, काही नेम हाये का त्याचा? तुमाले नाही माहीत तो कसा हाये?"

मास्तरांना माहीत होतं.

"दुर्गाबाईनं येनं बंद केलं माह्याकडं. किरिस्ताव घरात घेतला म्हनते. हो, घेतला. आता चुलीपाशी बसते तो. गल्लीतलं कोनी बोलत नाही माह्याशी. म्हनलं, नका बोलू." तिचा आवाज खाली आला. "नत्थू गेला, मास्तर. तो काही येत नाही आता. हा येते. ह्याचं येनं बंद झालं, तर मी कोनासाठी चूल पेटवू?"

ऊन ओट्यावर चढलं होतं. गल्लीतून एक रिकामी गाडी खडखडत गेली. 

"साहेबांनी मला सांगायला पाठवलंय," मास्तर शेवटी म्हणाले. "खोटं असू नये, असं आमच्या देवाचं..."

"मंग तुमच्या देवाले म्हना, थोडं थांब," माणिकबाई म्हणाली. "एवढं तर आइकत असन तुमचं? तुमी चांगले मानूस हाये."

रविवारी प्रार्थनेच्या खोलीत मंडळी जमली. मंडळी म्हणजे साहेब, मास्तर आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसं. मेजावर पांढरं कापड होतं आणि त्याखाली भाकर आणि प्याला झाकून ठेवलेला होता. चंद्रभानला आत यायची परवानगी नव्हती. तो दारातच उंबऱ्याबाहेर बसला होता, पागोटं मांडीवर घेऊन. तिथून त्याला आतलं सगळं ऐकू येत होतं.

साहेबांनी कापडाला हात घातला आणि थांबले.

"मास्तर, आपण काल त्या बाईस सत्य सांगितलेत ना?"

मास्तर उभे राहिले. तिला सगळं माहीत आहे, एवढं म्हटलं की झालं असतं. ते खरंच होतं. साहेब संतुष्ट झाले असते, चंद्रभान सुटला असता, मेजावरची भाकर सगळ्यांना मिळाली असती. मास्तरांनी दाराकडे बघितलं. चंद्रभान मान पुढं काढून, तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याच्या कानावर हे पडलं की तो उठेल, घोंगडी उचलेल आणि पुन्हा या गावात दिसणार नाही. आणि ती सरकी निवडत बसेल.

"नाही, साहेब," भगवंत मास्तर म्हणाले. "मी सांगितलं नाही."

"कसे? आपण गेला नाहीत?"

"गेलो होतो."

"मग?"

"माझ्याच्यानं झालं नाही."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. चंद्रभानच्या खोट्यानं त्यांना इतकं दुखलं नसेल. या माणसाकडून त्यांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी कापडावरचा हात काढून घेतला.

"तर मग मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "जो नियम त्याला, तोच आपणांस."

मास्तरांनी मान लववली. बाकावरचं आपलं उपरणं उचललं आणि सगळ्यांच्या समोरून चालत दारापाशी आले. कोणी तोंड वर केलं नाही.  आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी पंगतीतून उठवलं होतं. ते बाहेर येऊन चंद्रभानच्या शेजारी, पायरीवर बसले.

आत गीत सुरू झालं. सूर लावणारे मास्तरच नसल्यानं ते आज जरा वाकडंच चाललं होतं.

"मास्तर, तुमी बी?" चंद्रभान कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले होते. "माह्यापायी?"

"तसं नाही."

"तसंच हाये! मी हलकट मानूस, मले बाहेर काढलं त्याचं काय. पन तुमाले?" त्यानं पागोटं डोक्यावर दाबलं आणि ताडकन उठला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "बस झालं. आत्ताच जातो अन सांगतो तिले. एका दमात सांगतो. मंग साहेब तुमाले आत घेतन."

"खाली बस."

"नाही, आता नाही थांबत मी. तुमच्यावर डाग लागला, म्या पाह्यला."

तो पायरी उतरलासुद्धा. मास्तरांनी धावत जाऊन त्याचा दंड धरला. चंद्रभान बैल ओढणारा गडी, त्यानं एक हिसडा दिला तर मास्तर पडले असते. पण त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडले, "बस म्हणतो ना! कुठं निघालास?"

आतलं गीत एक क्षण अडखळलं. भगवंत मास्तरांचा इतका मोठा आवाज मंडळीनं कधी ऐकला नव्हता. चंद्रभाननंही ऐकला नव्हता. तो वळून बघत राहिला.

"कावून पन?"

का, ते सांगता येत नव्हतं. एक शब्द बोलले असते तरी सगळं फुटलं असतं. मास्तरांनी इकडं तिकडं बघितलं, जुळवलेलं एकही वाक्य त्यांच्यापाशी नव्हतं. आणि मग त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं ते त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"मला एकट्याला जेववत नाही, चंद्रभान. नगर सोडल्यापासून मी एकटा जेवतो. भिंतीशी बोलतो मी. आज नको. आज तिच्याकडे घेऊन चल मला. आणि आज तिला काही सांगू नकोस, मला सुखानं दोन घास खाऊ दे."

 मास्तरांचं नाक लाल झालं होतं आणि एक हात सोडून ते उपरण्यानं पुसत होते. एवढा शिकलेला माणूस, आणि भर रस्त्यात रडत होता.  चंद्रभाननं मास्तरांच्या हातातून आपला दंड हळूच सोडवून घेतला आणि पायरीजवळ पडलेल्या त्यांच्या वहाणा आणून पुढं ठेवल्या.

"बुढीचं तिखट लय जहाल हाये," तो म्हणाला. "तुमाले झेपनार नाही."

"झेपेल," मास्तर म्हणाले आणि वहाणा पायात घालून त्याच्या बरोबरीनं चालू लागले.